विडी ओढायची जागा

आफ्रिकेहून परत आल्यापासून मळवलीच्या बायका मला एकच विचारतात, "समुद्र कसा असतो गं?" आता समुद्र कसा असतो ते काय सांगायचं? पाणी असतं. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी पुन्हा तेच. लावणीच्या दिवसांत आपल्या खाचरांत दिसतं तसंच, फक्त मध्ये बांध नाहीत. मला समुद्राचं काही नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते बोटीवर विडी-चिलीम ओढणाऱ्यांसाठी केलेल्या नियमांचं, आणि त्या नियमांपायी आमच्या घरातले दोन मोठे पुरुष कसे गोत्यात आले त्याचं. म्हणून तेच लिहिते. मी वडगावच्या शाळेत मराठी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे. मीठमसाला लावून लिहिणं मला जमत नाही आणि आवडतही नाही.

मळवली

माझी थोरली लेक चंद्रा मोंबासाला दिली आहे. जावई तिथं रेल्वेच्या शेडमध्ये फिटर. आधी तो लोणावळ्याच्या शेडमध्ये आमच्या ह्यांच्या हाताखाली शिकला, मग पगार चांगला म्हणून तिकडं गेला. स्थळ पसंत केलं ते आमच्या थोरल्या दिरांनी. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं, मीही आबाच म्हणते. चंद्रा गेली आणि वर्षाच्या आत बाळंत झाली. त्या वेळी तिच्याजवळ घरची एकही बाई नव्हती. मूल आलं ते न रडताच आलं, आणि तसंच गेलं.

पुढं तिकडून सुट्टीवर आलेल्या एका शेजाऱ्याबरोबर तिचा निरोप आला. "आईला म्हणावं, पुन्हा दिवस गेलेत. ह्या खेपेला तू ये. मला भ्या वाटतंय." मी तांदूळ पाखडत होते. हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हटलं, मी जाणार. गावात कुजबुज झाली, बाई काळं पाणी ओलांडायला निघाली म्हणून. पाणी काळं असो नाही तर ढवळं, पलीकडं माझी लेक होती. ह्यांनी शेडमधून रजा काढली. आबांना घरी राहा म्हटलं तर ते ऐकेनात. "म्या दिली पोरीला समिंदरापल्याड," ते म्हणाले. "म्याच जाऊन बघनार."

डिंकाचे लाडू, बाळंतकाढ्याच्या पुड्या, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, पायलीभर आंबेमोहोर तांदूळ आणि लोणावळ्याची शेंगदाण्याची गुडदाणी एवढं बांधून आम्ही तिघं निघालो.

आता आमच्या घरची एक गोष्ट आधी सांगायला हवी. आबा चिलीम ओढतात, उघड ओढतात. आमचे हे विड्या ओढतात, पण आबांच्या समोर नाही. हे पन्नाशीला टेकलेत, शेडमध्ये पंधरा माणसं ह्यांच्या हाताखाली कापतात, पण आबांची पगडी बांधावर दिसली की विडी मुठीत विझते. घरी ह्यांची ओढायची जागा म्हणजे गवताच्या गंजीमागं. एकदा गंजी पेटता पेटता राहिली, तरी जागा बदलली नाही. आणि माझं म्हणाल तर लग्न होऊन आल्यापासून आबांशी मी तोंडानं एक शब्द बोलले नव्हते. भाकरी झाली की मी दाराच्या चौकटीला सांगायची, "जेवायला या म्हणावं." नाही तर गोठ्यातल्या गाईला. आबाही उत्तर गाईलाच द्यायचे. कुणाचं काही अडत नव्हतं.

डेक

मुंबईच्या गोदीत डॉक्टरनं आमचे डोळे बघितले, जीभ बघितली, दंडावर टोचलं, कागदांवर शिक्के मारले आणि आम्हांला बोटीवर चढवलं. पैसेवाली माणसं वरच्या खोल्यांत. आम्ही डेकवाले. डेक म्हणजे एक मोठं अंगण, वर ताडपत्री बांधलेली. ज्यानं त्यानं आपली पथारी पसरायची आणि मोंबासा येईपर्यंत तेवढ्यात संसार करायचा. तिथंही रीतभात असते बरं का. दुसऱ्याची पथारी ओलांडायची नाही. पाण्याच्या नळाशी भांडं ठेवून निघून जायचं नाही. पोटात ढवळलं तर वारा ज्या अंगानं येतो त्या अंगाला ओकायचं नाही. ही शेवटची गोष्ट आमच्या शेजारच्या कच्छी बाईच्या नवऱ्याला उशिरा कळली, आणि त्याची किंमत माझ्या गोधडीनं मोजली.

बोट सुटली तशी हुसेनभाई आला. हा सारंग, म्हणजे सगळ्या खलाशांचा मुकादम. मूळचा दाभोळकडचा, मराठी आपल्यासारखीच बोलणारा. त्यानं डेकवरच्या सगळ्यांना गोळा केलं.

"हे बघा मंडळी, खाली कापसाच्या गाठी आहेत, वर ताडपत्री, मध्ये तुमची अंथरुणं. एक ठिणगी पडली तर पळून जायला इथं रान नाही. विडी, चिलीम, सिगारेट, जे काय असेल ते बोटीच्या मागच्या टोकाला ओढायचं. तिथं खाली लोखंड आहे, दोरी बांधली आहे, वाळूचं टिपाड ठेवलं आहे. दोरीच्या आत ओढायचं आणि थोटूक वाळूत खुपसायचं. समुद्रात टाकायचं नाही, वारा ते फिरवून कुणाच्या तरी गोधडीवर आणतो. पहिल्यांदा कुणी बाहेर ओढताना सापडला तर ताकीद. दुसऱ्यांदा सापडला तर पुढच्या बंदरात खाली."

"खाली म्हणजे?" मी विचारलं.

"खाली म्हणजे खाली, गाठोड्यासकट. पोरबंदर सोडलं की वाटेत एक बेट लागतं, तिथं आम्ही पाणी भरतो. तिथं उतरवला की मुंबईची उलटी बोट येईपर्यंत नारळाखाली बसायचं."

"आन् बायकूला?"

"बायको नवऱ्याच्या कागदावर असते, बाई. तो उतरला की ती उतरली. एकट्या बाईला मोंबासाचे साहेब आत घेत नाहीत."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे ताडपत्रीकडं बघत होते.

आबांना नियम एकदम पसंत पडला. त्यांनी कनवटीची चकमक आणि चिलीम काढली आणि दोरीच्या आत जाऊन बसले. चकमक बघून हुसेनभाई धावत आला. त्यानं ती स्वतःकडं ठेवून घेतली, आणि आबांना चिलमीपुरता निखारा बोटीच्या भंडाऱ्यानं, म्हणजे स्वयंपाक्यानं, द्यायचा असं ठरवलं. त्यावरही आबा खूश. आयता विस्तव मिळतो, मऊ वारं लागतं, कच्छी, पंजाबी चार माणसं येऊन बसतात. कुणाला कुणाची भाषा कळत नव्हती, तरी गप्पा रंगायच्या. गावातल्या पारावर बसावं तसे आबा तिथं बसले ते उठेचनात. जेवायला तेवढे उठायचे, पण जेवायला ह्यांनाही त्यांच्याच शेजारी बसावं लागायचं. झोपायचेही तिथंच, वारं चांगलं म्हणून.

"गेला न्हाई का मागं?" मी ह्यांना विचारलं.

"आबा बसल्यात."

"मग?"

"मग काय मग? आबा बसल्यात."

बोट एवढी मोठी, की आमची अख्खी आळी तिच्यात मावली असती. पण विडी ओढायला तिच्यात जागा एकच, आणि त्या जागेवर थोरला भाऊ. मला आधी हसू आलं. ह्यांचं तोंड बघून ते गेलं.

वरच्या मजल्यावर तर वेगळंच चालायचं. आमच्या डोक्यावर कठड्याशी एक म्हातारा साहेब आणि त्याचा तरणा मुलगा रोज उभे राहायचे. म्हातारा स्वतःच्या हातानं काडी ओढून मुलाची सिगारेट पेटवून द्यायचा. ह्यांनी ते बघितलं आणि मान खाली घातली. "लाज न्हाई लोकान्ला," म्हणाले. हुसेनभाईनं मला आणखी एक सांगितलं. वर पुरुषांना ओढायला वेगळी खोली आहे. खोलीबाहेर ओढायची तर जवळ बसलेल्या बाईला आधी विचारायचं, आपली हरकत नाही ना? ती हो म्हणाली, हरकत आहे, तर सिगारेट गुपचूप खिशात ठेवायची. मी सुईत दोरा ओवत होते, तो ओवायचा राहिला. आपल्याकडं पुरुष चिलीम ओढतात त्या खोलीत बाई खोकून खोकून अर्धी झाली तरी तिला कुणी काही विचारत नाही. वडीलधारा दारात आला की मात्र सगळ्यांचे हात पाठीमागं.

पोरबंदरच्या आधी आणि नंतर

पोरबंदर यायच्या आधीच हे सापडले. संडासांच्या रांगेमागं उभे राहून ओढत होते, एका खलाशानं धरून हुसेनभाईपुढं नेलं. ताकीद मिळाली. हुसेनभाई मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, नवऱ्याला आवरा. आमचा कप्तान बोलतो ते करतो."

मी ह्यांना चांगलं फैलावर घेतलं. पोरीचं पहिलं मूल कसं गेलं ते पुन्हा सांगितलं, जसं काही ह्यांना माहीतच नव्हतं. ह्यांनी कानाला हात लावले. मग म्हणाले, "आता न्हाई वढनार. मोंबासापत्तुर न्हाई."

आणि खरंच, ह्यांनी पुष्कळ दिवस काढले. पण कसे काढले ते मी बघितलं. भाताचा घास तोंडात फिरायला लागला. मी माझी मिश्री दिली, म्हटलं, दातांना लावा, तेवढीच तंबाखूची तलफ भागेल. लावली, आणि कठड्याकडं पळाले. बाकी काही नाही तरी वाऱ्याची बाजू त्यांनी बरोबर धरली. रोज दुपारी मागच्या टोकाकडून चिलमीचा धूर यायचा आणि हे नाक वर करून बसायचे. मला कीव यायची आणि रागही यायचा. आबांचाही यायचा. एवढा डोळस माणूस, स्वतःच्या भावाची दशा आबांना दिसत नाही?

शेवटी व्हायचं ते झालं. बोटीच्या दोन्ही अंगांना छोट्या होड्या टांगलेल्या असतात, बोट बुडाली तर जीव वाचवायला. त्यांच्यावर कापड ताणून बांधलेलं असतं. एका दुपारी आमच्या शेजारची कच्छी बाई ओरडत उठली. होडीच्या कापडाखालून धूर येत होता. घंटा वाजली. पोरंबाळं रडायला लागली, लोकांनी बुचाची जाकिटं गळ्यात घातली. आबांनी उलटं घातलं. कुणी देवाचं नाव घेतलं, कुणी पेटी उचलली. चार खलाशी नळी घेऊन धावले आणि होडीवर पाण्याचा लोट सोडला. कापड फाडलं, तर आत आमचे हे.

पावसात सापडलेल्या कोंबड्यासारखे हे बाहेर आले. अंगावरून पाणी निथळतंय, भोवती शंभर माणसं शिव्या देतायत, आणि गर्दीतून आबा पुढं आले तशी ह्यांनी काय करावं? हातातलं विझलेलं थोटूक पाठीमागं लपवलं. त्या गर्दीतही मला ते दिसलं, आणि आबांनाही दिसलंच असणार. आबांनी समुद्राकडं तोंड फिरवलं आणि ते आपल्या जागी जाऊन बसले.

लोकांच्या शिव्या बरोबरच होत्या. आयाबायांची गाळण उडाली होती. कप्तानाचा हुकूम तासाभरात आला: बेट आलं की ह्या एका घरच्या तिघांना उतरवा. बेट जवळ आलं होतं.

हे ओल्या कपड्यांनी पथारीवर बसले होते. "चंद्रीला काय सांगू?" म्हणाले.

"तुमी काय बी सांगू नका," मी म्हटलं. "मी सांगीन काय ते, तिच्याजवळ बसून."

दोरीच्या आत

मी पदर डोक्यावरून घट्ट ओढला आणि मागच्या टोकाला गेले. दोरी ओलांडून आत गेले. तिथं बाईमाणूस कधी आलं नव्हतं. बसलेली माणसं आपण होऊन उठून गेली. आबा एकटे राहिले.

"आबा, मला बोलायचंय."

आबांनी आधी इकडंतिकडं बघितलं, मी कुणाला सांगतेय म्हणून. तिथं ना चौकट होती, ना गाय. मग समुद्राकडं बघत ते म्हणाले, "बोल, चंद्रीचे आई."

"हे विड्या वढत्यात."

"ठावं हाय."

"कवापास्नं ठावं हाय?"

"त्येला मिसरूड फुटायच्या आदीपास्नं. साऱ्या गावाला ठावं हाय."

"मग त्यान्ला एकदा म्हना की, हितं येऊन वढ म्हनून."

आबांनी मान हलवली. "असं कसं म्हनू? आमचा बाप गेला तवा ह्यो रांगत हुता. म्या त्येचा बाप झालो. बापाम्होरं लेक इडी वढतो व्हय? आन् बाप त्येला वढ म्हनतो?"

"न्हाई म्हनत. म्हनून तर लेक त्या होडीत घुसला," मी म्हटलं. "आता आपल्याला बेटावर टाकत्याल. तिकडं पोर दिवस मोजतीया. पयल्या खेपेला काय झालं ते तुमाला ठावं हाय. ह्या खेपेला बी ती एकलीच पडली, तर तुमचा मान आन् ह्यांची मर्यादा घेऊन मी काय करू? चुलीत घालू?"

बोलून गेले आणि मी दोरी हातात घट्ट धरली. असं मी माझ्या आईशीसुद्धा कधी बोलले नव्हते. आबांच्या हातातली चिलीम विझून गेली होती. मला वाटलं, आता आबा उठतील आणि माझ्याशी जन्माचं बोलणं टाकतील. टाकलं असतं तरी मी तिथून हलणार नव्हते.

"म्या काय करावं म्हनतीस?" त्यांनी विचारलं.

"हितनं उठा."

आबा गुडघ्यावर हात टेकून उठले. चिलमीतली राख त्यांनी वाळूत झटकली. "चल," म्हणाले. "त्यो कप्तान कुटं बसतो?"

कप्तानाची खोली

हुसेनभाई आम्हांला वर घेऊन गेला. जिन्यावर तो तीनदा म्हणाला की उपयोग होणार नाही. कप्तान लालबुंद तोंडाचा, पांढऱ्या कपड्यांतला माणूस. टेबलामागं पाइप ओढत बसला होता. खोलीत धूर कोंडला होता. आम्ही बोलायचं आणि हुसेनभाईनं ते इंग्रजीत सांगायचं, असं सुरू झालं.

आबांनी चिलीम टेबलावर ठेवली. "ही सायबानं ठिवून घ्यावी. मोंबासाला द्यावी. म्या तितं बसतो म्हून माजा भाऊ तितं येत न्हाई. म्या आता मागं जानार न्हाई, चिलीम वढनार न्हाई. मग त्यो तितं जाईल. तुमची बोट जळायची न्हाई."

कप्तानानं भावाचं वय विचारलं. पन्नाशीचा आहे म्हटल्यावर त्यानं हुसेनभाईला दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाला, एवढा मोठा माणूस तुम्हांला घाबरतो?

"घाबरत न्हाई," आबा म्हणाले. "त्यो कुनालाच घाबरत न्हाई. इंजनं दुरुस्त करतो त्यो. मान ठिवतो. ह्ये येगळं, त्ये येगळं."

तुम्ही ओढता ते तो बघतो का? रोज बघतो. तो ओढतो ते तुम्हांला माहीत आहे का? आहे. कप्तानानं दोन्ही हात पसरले. आबा माझ्याकडं वळून म्हणाले, "ह्ये ह्येला समजायचं न्हाई गं." आबा माझ्या तोंडाकडं बघून बोलले ते हे पहिलं वाक्य.

तेव्हा मी पुढं झाले. "हुसेनभाई, आता मी सांगते ते जसंच्या तसं सांगा, त्यात सारवासारव करू नका. माझ्या लेकीचं पयलं मूल गेलं, जवळ कुनी न्हवतं म्हनून. ह्या खेपेला मी तिच्याजवळ असनार. माझ्या नवऱ्यानं चूक केली, त्याला कोंडून ठेवायचं तर ठेवा, त्याच्या हातानं सगळी बोट धुऊन घ्यायची तर घ्या. पर मी बेटावर उतरनार न्हाई. मला उचलून टाकावं लागंल, आन् मी कठडा सोडनार न्हाई."

"असं सांगू?" हुसेनभाई म्हणाला.

"असंच सांगा."

त्यानं सांगितलं. कप्तान माझ्याकडं बघत राहिला. धुरानं मला ठसका लागला होता आणि मी तोंडाला पदर लावला होता. ते बघून तो हुसेनभाईला काहीतरी म्हणाला. हुसेनभाई जरा गोंधळला. "साहेब विचारतायत, त्यांनी इथं पाइप ओढण्याला बाईंची हरकत आहे का?"

आता अशा वेळी शहाणी बाई काय म्हणाली असती ते मला समजतं. सगळं त्याच्या हातात होतं. पण माझं डोकं तापलं होतं, आणि जन्मात पहिल्यांदा मला हे कुणीतरी विचारलं होतं.

"व्हय," मी म्हटलं. "हरकत हाय."

हुसेनभाईला सांगावं लागलं नाही, माझ्या मानेवरूनच कप्तानाला कळलं. त्यानं पाइप तोंडातून काढला, एका ताटलीत झटकला आणि बाजूला ठेवला. खिडकीही उघडली. मग निकाल दिला. चिलीम मोंबासापर्यंत त्याच्याकडं राहील. ह्यांच्या काड्या हुसेनभाईकडं जमा होतील आणि ओढायची तर दोरीच्या आत, हुसेनभाईच्या हातचा विस्तव घेऊन. आणि रोज सकाळी डेक धुवायला ह्यांनी खलाशांबरोबर उभं राहायचं. पुन्हा कुठं धूर दिसला तर मोंबासाला न उतरवता त्याच बोटीनं परत.

मी हात जोडले. आबांनीही जोडले. जिना उतरताना आबा मला म्हणाले, "तू हरकत हाय म्हनलीस तवा माजा जीव खाली-वर झाला गं." माझाही झाला होता, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

बेट ते मोंबासा

आता तुम्हांला वाटेल, सगळं सुरळीत झालं. कसलं आलंय. ह्यांना कळलं की आबांनी आपल्यापायी चिलीम साहेबाच्या टेबलावर ठेवली, आणि हे अडून बसले. "आबा बिनचिलमीचं बसल्यात, आन् म्या तितं जाऊन धूर काढू? मानूस हाय का कोन?" झालं. मागची जागा रिकामी, दोन्ही भाऊ पुढं माझ्या पथारीवर, आणि दोघांचीही तलफ माझ्या डोक्यावर. आबांना चिलमीशिवाय सकाळी पोट साफ होईना. मग दिवसभर समुद्राला नावं ठेवायची, बोटीच्या भाताला नावं ठेवायची, कच्छी बाईच्या पोरांवर खेकसायचं. हे सकाळी डेक धुवायचे आणि उरलेला दिवस सुपारी कातरत बसायचे. दोघांच्या मध्ये बसून माझं डोकं उठलं. शेवटी मीच दोरीच्या आत जाऊन बसायला लागले. मिश्री लावायची, वाऱ्यात केस मोकळे सोडायचे, दुपट्यांना टाके घालायचे. सगळ्या बोटीत तेवढीच जागा काय ती छान होती. हुसेनभाई म्हणाला, ही जागा ओढणाऱ्यांची आहे. मी म्हटलं, त्यांना हवी असेल तर येऊ दे की.

बेट आलं ते सकाळी. हिरवंगार, डोंगर थेट पाण्यात उतरलेले, आपल्या पवन मावळासारखे. छोट्या होड्यांतून काळीसावळी माणसं केळी आणि मासे विकायला आली. सगळे कठड्याशी जमून बघत होते. मी ह्यांच्या सदऱ्याची बाही धरून उभी होते. हे म्हणाले, सोड, लोक बघत्यात. मी बोट हलेपर्यंत सोडली नाही.

मोंबासाला उतरताना हुसेनभाईनं चिलीम आणि चकमक आबांच्या हातात दिली. जावई धक्क्यावर घ्यायला आला होता. चंद्रा घराच्या दारात उभी होती, पोट पुढं आलेलं, गालांची हाडं वर आलेली. तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला रडू आलं, खूप आलं. तिथंही आपल्यासारखेच आंबे-फणस आहेत, नारळ तर उदंड. घर म्हणजे पत्र्याचं छप्पर, पुढं पायऱ्या, अंगणात पपईचं झाड आणि एक नळ.

पुढं पंधरवड्यानं, पहाटे तिला कळा सुरू झाल्या. शेजारची एक स्वाहिली म्हातारी सुईण आली. तिची भाषा मला येत नव्हती, पण बाळंतपणाला भाषा फारशी लागत नाही. पुरुषांना आम्ही घराबाहेर काढलं. दुपार झाली. पोरगी दमली, डोळे पांढरे करायला लागली. "आई, ह्या बारीला बी तसंच हुनार," म्हणाली. मी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हटलं, होणार नाही. मला काही ठाऊक नव्हतं, तरी म्हटलं. मूल आलं आणि रडेना. मी त्याला पालथं घेतलं, पाठ चोळली, तळव्यांना टिचक्या मारल्या. म्हातारीनं त्याच्या तोंडातलं पाणी काढलं. मी चोळतच राहिले. मग ते आधी शिंकलं आणि मग जे काय रडायला लागलं, ते थांबेचना. मुलगी होती. तिला म्हातारीच्या हातात देऊन मी बाहेर आले.

बाहेर आबा वरच्या पायरीवर भिंतीकडं तोंड करून बसले होते, हातात चिलीम. हे सगळ्यांत खालच्या पायरीवर आबांकडं पाठ करून, रस्त्याकडं बघत, मुठीत विडी. आणि जावई दिसेना, पण पपईच्या झाडामागून सिगारेटचा धूर वर चालला होता. तिघं तीन दिशांना बघत होते.

"मुलगी झाली," मी म्हटलं. "चांगली मोठ्यानं रडली."

तिघांतलं कुणीच वळलं नाही. वळलं की ओढताना दिसणार.

"आन् चंद्री?" आबांनी भिंतीला विचारलं.

"चंद्री बरी हाय."

आबांचे खांदे हलायला लागले. चिलीम त्यांनी खाली ठेवली आणि उपरणं डोळ्यांना लावलं. मग, तोंड भिंतीकडंच ठेवून, म्हणाले, "सदा, वढून घे ती. वढून घे, मग पोरीला बघाय आत जाऊ."

आबांनी धाकट्या भावाला ओढ म्हटलं ते आयुष्यात त्या एकदाच. हे ताडकन उभे राहिले. विडी कुठं टाकावी ते त्यांना समजेना.

"कुनी बी असं आत यायचं न्हाई," मी दारात उभी राहून म्हटलं. "हात धुवायचं, चुळा भरायच्या, आन् मग यायचं. माझ्या नातीजवळ ह्यो वास चालायचा न्हाई. मला हरकत हाय."

आबा मागं वळले आणि माझ्याकडं बघत राहिले. मग चिलीम तिथंच पायरीवर सोडून ते नळाकडं गेले, आणि त्यांच्यामागं हे, आणि त्यांच्यामागं जावई.